कोंबड्यांच्या आंबोणाचा रांजण

मित्रांनो, माझ्या पोटात हात घातलात, तर तो दिवसभर आंबट वासाचा राहील. मी एक जुना मातीचा रांजण आहे. दूर पूर्वेच्या बेटांवरच्या विगान गावाजवळ एका भट्टीत माझा जन्म झाला. तिथे एक रेडा सकाळभर गोल फिरून माती तुडवतो. मग तिच्यात बारीक वाळू मिसळतात, चाकावर भांडे चढवतात आणि अशा आगीत भाजतात की ते दगडासारखे वाजू लागते. माझ्याबरोबर भट्टीत गेलेले पाचसहा जण तडकले. मी तडकलो नाही. यात माझे काही कर्तृत्व नाही.

पहिली वीसएक वर्षे मी उसाच्या रसाचा शिरका सांभाळला. पाहुणे त्याची चव घेऊन माझ्या पोटावर थाप मारायचे. पुढे बाजारात बाटलीतला शिरका मिळू लागला आणि मी परसाच्या कडेला गेलो. माझ्यात पावसाचे पाणी साठायचे, त्यात डास व्हायचे. अखेर एका दुपारी घरची मालकीण सिंफोरोसा हिने मला आडवे केले, नारळाच्या काथ्याने आतून घासले, तीन दिवस उन्हात तापवले आणि खुराड्याजवळ फणसाच्या सावलीत मांडले. तेव्हापासून मी कोंबड्यांचा झालो.

माझ्यात ती तांदळाचा कोंडा, मक्याचा भरडा आणि थोडी कणी घालायची. दाणे बुडून वर चार बोटे राहील इतके विहिरीचे पाणी. तोंडावर फडके आणि सैल झाकण, कारण आतल्या हवेला बाहेर पडायला वाट लागते. सकाळ-संध्याकाळ ती तळापासून ढवळायची. आमच्याकडच्या उष्म्यात दुसऱ्या दिवशी बुडबुडे येतात आणि तिसऱ्या दिवशी आंबोण तयार होते. ते निथळून ती केळीच्या सोपटावर वाढायची, उरलेले ऊन चढायच्या आत उचलायची आणि थोडे आंबट पाणी पुढच्या खेपेला विरजण म्हणून माझ्यात ठेवायची. तिच्या बावीस कोंबड्यांचे कमी दाण्यात भागायचे. अंड्यांची कवचे जाड झाली. शेजारणी बघायला येऊ लागल्या.

पण मित्रांनो, खरे काम तिच्या नाकाचे होते. झाकण उचलून ती वाकायची, डोळे मिटायची आणि ठरवायची: आज काढायचे, उद्या काढायचे, की लांब नेऊन पुरायचे.

तिचा मुलगा जहाजावर नोकरीला होता. त्याने मारिफेशी लग्न केले आणि ती या घरात राहायला आली. वर्षभरात चूल मारिफेकडे गेली, मग कपाटाच्या किल्ल्या गेल्या. दोघी भांडत नव्हत्या. बोलतही फारशा नव्हत्या. सिंफोरोसा सकाळ झाली की माझ्याकडे यायची.

त्या वर्षी जूनमध्ये तिला ताप आला. आठवड्याने ती उठली आणि पूर्वीसारखीच माझ्यावर वाकू लागली. मला काही वेगळे जाणवले नाही. पुढे कोंबड्यांची पिसे गळायचे दिवस आले. त्या दिवसांत ती दरवर्षी आंबोणात मासळीची चार डोकी टाकायची, अंगात जोर यावा म्हणून. या खेपेलाही टाकली.

पाचव्या दिवशी एका कोंबडीची मान सैल पडली. ती बसल्या जागी चोच जमिनीला टेकवून राहिली. संध्याकाळपर्यंत आणखी तिघींचे तसेच झाले. त्यांत अंडी उबवायला बसणारी सिंफोरोसाची सगळ्यांत चांगली खुडूक होती, जिने तीन वर्षांत एकही अंडे वाया घालवले नव्हते. दुसऱ्या दिवशी चौघीही मेल्या.

"हा रांजण झिरपतोय," सिंफोरोसा म्हणाली. "याच्यामुळे झालं. टाकून दे रस्त्याकडेला."

मारिफेने झाकण उचलले आणि नाकावर हात धरून ती मागे सरली.

"नानांग, हे कुजलंय. तुम्हाला वास नाही आला?"

"आंबवलेलं आहे ते. मोगऱ्याचा यायला हवा होता का?"

सासूला नानांग म्हणजे आई म्हणणाऱ्या मारिफेने पुढे वाद घातला नाही. तिने माझ्यातले सगळे खोल खड्ड्यात ओतले आणि वर चुना टाकून माती लोटली. मला रस्त्याकडेला मात्र नेले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी स्वयंपाकघराचे दार उघडे होते. चुलीवरचा सुका मासा करपून काळा झाला होता. चुलीकडे पाठ करून सिंफोरोसा शेंगा सोलत बसली होती. मारिफे धावत आली आणि तिने तवा उतरवला. मग ती सासूकडे वळली.

"केव्हापासून?"

"काय केव्हापासून?"

"वास येत नाही ते."

सिंफोरोसाने आणखी दोन शेंगा सोलल्या. "जूनच्या तापापासून."

"आणि मला सांगितलं नाहीत."

"चूल तुझी झाली. किल्ल्या तुझ्या झाल्या. हे सांगितलं असतं, तर कोंबड्याही गेल्या असत्या. मग मी काय करायचं? खुर्चीत बसून डास मारायचे?"

"मला नकोत तुमच्या कोंबड्या. तो लाल कोंबडा मला बघितलं की अंगावर येतो."

"माणसं ओळखतो तो."

मारिफेला हसू आले. सिंफोरोसा हसली नाही, पण शेंगांची सुपली तिने थोडी पुढे सरकवली. मारिफे समोर बसून सोलू लागली.

मला उकळत्या पाण्याने तीनदा धुतले, राखेने घासले, आठ दिवस उन्हात उपडे ठेवले. मग नवे आंबोण घातले, मासळीशिवाय. तिसऱ्या दिवशी दोघी माझ्याजवळ आल्या.

"सांग," सिंफोरोसा म्हणाली.

"आंबट."

"आंबट चिंचही असते. नीट सांग."

मारिफे पुन्हा वाकली. "झाडावरून पडलेल्या पिकल्या अननसासारखा. त्याच्याखाली शिळ्या पेजेसारखा."

"दारूसारखा?"

"किंचित. वर पांढरी साय आलीये."

"साय चालते. केसाळ बुरशी दिसली की सगळं पुरायचं. आजच काढू, उद्यापर्यंत चढेल."

असे रोज चालले. मारिफे चुकायची, सिंफोरोसा पळीने दाणे उचलून बोटांत चुरडून बघायची आणि पुन्हा वास घ्यायला लावायची.

पुढच्या उन्हाळ्यात गावातल्या सातआठ बायका हे काम शिकायला आल्या. सिंफोरोसाने त्यांना पाणी किती, झाकण कसे, सगळे करून दाखवले. एकीने विचारले, "तयार झालं हे ओळखायचं कसं?"

 मारिफे काही बोलणार होती, तिला सिंफोरोसाने हातानेच थांबवले.

"नाकानं. माझं नाक गेलं आणि ते मी लपवलं. त्यात चार कोंबड्या माझ्या हातून मेल्या. उरलेल्या अठरा हिच्या नाकावर आहेत. हिला विचारा."

 मग ती विचारणारी बाई मारिफेच्या शेजारी येऊन माझ्यावर वाकली.

मित्रांनो, रांजणाला नाक नसते. चांगले घाला, वाईट घाला, मी दोन्ही सारख्याच इमानाने सांभाळतो. म्हणून मला घासत जा, ऊन दाखवत जा, दाणे पाण्याखाली ठेवा. आणि ज्या दिवशी तुम्हाला स्वतःला कळेनासे होईल, त्या दिवशी घरातल्या कुणाला तरी हाक मारा. पहिल्या कोंबडीची मान पडायची वाट बघू नका.