सागवानी कॅबिनेट

शुक्रवारी दुपारी अफिफाचा कॉम्प्युटर पहिल्यांदा मेला. मेला म्हणजे कसा, तर बटण दाबलं की पंखा घरघरायचा, पडद्यावर चिन्ह उमटायचं, आता चालू होणार म्हणून माणूस खुर्ची पुढे ओढतोय, तेवढ्यात फटकन सगळं काळं. पुन्हा दाबा, पुन्हा तेच. दहाव्या खेपेला अफिफाची नजर कॅलेंडरवर गेली, कारण मंगळवारी सकाळी अकराला तिची परीक्षा होती.

बाणेरच्या एका फर्निचरवाल्या कंपनीनं शेवटच्या दोघांत तिला निवडलं होतं. आता एकच गोष्ट उरली होती. स्वतःच्या मशीनवर, कॅमेरा चालू ठेवून, तीन तासांत एक अख्खं स्वयंपाकघर काढून दाखवायचं. तारीख बदलून मिळणार नाही असं त्यांनी मेलमध्ये दोनदा लिहिलं होतं. पौडच्या बाजारातल्या सायबर कॅफेत जाऊन भागलं असतं म्हणाल, तर तिथली मशिनं सातबाऱ्याची प्रिंट काढतानाच धापा टाकायची. अफिफाच्या थ्रीडीच्या सॉफ्टवेअरचं नाव जरी काढलं असतं तरी ती जागेवर बसली असती.

आणि हे मशीन तरी कुठे दुकानातून उचलून आणलेलं होतं? पोरीनं दीड वर्ष खपून एकेक भाग जमवला होता. कॉलेजातला मित्र निषाद, ज्याचं पिरंगुटला रिपेअरिंगचं दुकान आहे, तो काय घ्यायचं ते सांगायचा. ही घ्यायची, वाचायची आणि आपल्या हातानं बसवायची. राहिलं होतं वरचं कॅबिनेट. ते आणायला निघाली तर अब्बांनी अडवलं.

"सुताराच्या घरात पत्र्याचा डबा? लोकं काय म्हणतील मला?"

अफिफाचे अब्बा म्हणजे अलाउद्दीन मिस्त्री. त्यांनी आठ दिवस बाकीची कामं बाजूला ठेवून तिला सागवानाचं कॅबिनेट करून दिलं. हवेसाठी पटाशीनं कोरलेल्या बारीक खाचा, बोट फिरवलं तर कुठे कुसळ लागणार नाही असं पॉलिश. निषाद तर ते बघून खुळाच झाला होता. मागच्या झाकणाला चार स्क्रू. मिस्त्रींची आयुष्यभराची सवय अशी की स्क्रू आधी साबणावर घासायचा, मगच लाकडात घालायचा. धुण्याच्या साबणाचा तुकडा कायम शर्टाच्या खिशात. कोरड्या स्क्रूनं लाकूड फाटतं, असं ते शिकाऊ पोरांना दरडावून सांगायचे. अफिफानं मात्र तिथं हट्ट केला.

"अब्बा, साबणाचा चुरा आत बोर्डावर पडतो. ह्या डब्याला साबण लावायचा न्हाई."

"बरं बाई. तुझा डबा, तुझा कायदा," असं म्हणून ते हसले होते.

त्या मशीननं घराची कळाच बदलली. पूर्वी गिऱ्हाईक मिस्त्रींचं काम बघून यायचं. आता भुकूमच्या आणि महाळुंग्याच्या नव्या फ्लॅटवाल्यांना आधी चित्र लागतं. थ्रीडी दाखवा, मग बोलू. मिस्त्रींचा धंदा बसत चालला होता. अफिफानं चित्रं काढायला घेतली आणि घराशेजारच्या कारखान्यातला रंधा पुन्हा दिवसभर चालू लागला. त्यामुळंच कंपनीचा पहिला मेल आला तेव्हा ती आधी कुणाला सांगायच्या ऐवजी सरळ कारखान्यात गेली आणि भुशात फतकल मारून बसली.

"अब्बा, तुमी न्हाई म्हणा, मी जाणार न्हाई. खरंच सांगते, राग पण धरणार न्हाई."

मिस्त्रींनी मान वर केली नाही, रंधा चालूच ठेवला. "जा की. म्या कशाला आडवा येऊ?"

आणि मग हेच मिस्त्री बाजारात भेटेल त्याला सांगत सुटले. पेढे आणले. अम्मीचे, म्हणजे बद्रुन्निसाचे डोळे भरले. एकटा मोईन तेवढा कुरकुरला. मोईन अफिफाचा धाकटा भाऊ, तीन वर्षांनी लहान, भरे गावाजवळच्या कंपनीत दुसऱ्या पाळीला जाणारा. "आपा गेली की अब्बांच्या हाताखाली मलाच जुंपणार तुमी," असं तो सगळ्यांदेखत बोलला होता.

तर शनिवारी सकाळी अफिफानं मागचं झाकण उघडलं. निषादनं फोनवर सांगितलं, आधी रॅम बघ. तिनं रॅमच्या दोन्ही पट्ट्या काढल्या, खोडरबरनं त्यांचे सोनेरी दात घासले, एक लावून बघितली, दुसरी लावून बघितली, खाचा बदलून बघितल्या. काही नाही. अब्बा शेजारी बॅटरीचा उजेड धरून उभे.

"उजवीकडं धरू का गं?"

"धरा. जरा वर."

दोन तास ते तसेच उभे होते. पाय दुखत असतील म्हणून अफिफानंच त्यांना स्टूल दिलं.

रविवारी निषादकडून पॉवर सप्लाय मागून आणला. तो जोडला, तरी फटकन काळं. अफिफा जेवणावरून उठली. अब्बांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "होईल, इन्शाल्ला. आणि न्हाईच झालं तर काय आभाळ कोसळत न्हाई. आपलं काम हाय की हितं." तिला त्या हाताचा किती आधार वाटला होता! नंतर ते आठवून तिच्या अंगाचा जाळ जाळ झाला.

सोमवारी निषादनं फोनवरून नवी तऱ्हा सांगितली. मशीन सुरू होताना डिलीटचं बटण दाबून धर, आतला पडदा उघडेल, तिथं तापमान बघ. तिनं बघितलं. सत्तर. पंच्याऐंशी. सत्त्याण्णव. आणि बंद.

"अरे, हे तर तापतंय!" ती ओरडलीच.

तापतंय म्हणजे कूलर. मशीनचा मेंदू जो प्रोसेसर, त्याच्या डोक्यावर हा पंखेवाला कूलर चार स्क्रूंनी घट्ट दाबून बसवलेला असतो. तो जरा उचलला गेला तरी मेंदू तापतो, आणि जळायच्या आधी मशीन आपणहून बंद पडतं. अफिफानं स्क्रूड्रायव्हर लावला तर चारांतले दोन स्क्रू ढिले. तिनं कपाळावर हात मारून घेतला. म्हणजे चूक आपल्याच हातची, आणि चार दिवस आपण मशीनला शिव्या घालतोय.

"हात हलका पडला असंल तुझा," अब्बा म्हणाले.

"व्हय, तसंच."

निषाद स्कूटरवरून येऊन प्रोसेसर आणि कूलरच्या मध्ये लावायच्या पेस्टची नळी देऊन गेला. तिनं जुनी पेस्ट पुसली, नवी लावली, कूलर बसवला, तिरके तिरके करत चारी स्क्रू आवळले. बटण दाबलं. चिन्ह आलं, गेलं, आणि तिची सगळी स्वयंपाकघरं पडद्यावर हजर! संध्याकाळपर्यंत तिनं मशीन दामटवलं, एकदाही बंद पडलं नाही. मागच्या झाकणाची भोकं उघडून झाकून सैल झाली होती, म्हणून तिनं पाकिटातले चार नवे काळे स्क्रू घेतले, एक नंबर मोठे. कोरडेच. सागवान कसलं चिवट, प्रत्येक स्क्रू करकरत गेला आणि तिच्या तळहाताला लाल वळ उठला. अम्मीनं शेवया केल्या. अब्बांनी वाटीभर खाल्ल्या आणि म्हणाले, "चला, सुटलीस एकदाची."

मंगळवारी सकाळी नऊ वाजता अफिफानं न्हाऊन, बिस्मिल्ला म्हणून बटण दाबलं. पंखा घरघरला. चिन्ह आलं. फटकन काळं.

आता मात्र तिला रडू आलं नाही, तिचं डोकं फिरलं. काल आवळलेला कूलर रात्रीतून आपोआप ढिला होत नसतो. दार आतून बंद. घरात माणसं चार. अम्मी तर मशीनच्या प्लगलासुद्धा हात लावायला भ्यायची. अफिफा तरातरा आतल्या खोलीत गेली आणि मोईनच्या अंगावरची चादर ओढली.

"तूच केलंस ना? बोल!"

"काय केलं म्या?" तो डोळे चोळत उठला.

"मशीन उघडलंस. स्क्रू ढिले केलेस. मी जाऊ नये म्हणून!"

"अल्लाची शपथ, आपा! कामावरून आलो आन जेवून झोपलो. तुझ्या त्या डब्याला म्या हात बी लावत न्हाई."

"जळतोस तू माझ्यावर. दहावीला दोनदा बसलास, तुला माझं कसं बघवंल?"

हे बोलायला नको होतं. मोईनचा चेहरा पडला. तो उठला, तिच्यामागून आला आणि कोपऱ्यातली बॅटरी उचलून झाकणावर धरली. साडेनऊ झाले होते.

अफिफानं पहिल्या स्क्रूला स्क्रूड्रायव्हर लावला. काल ज्यानं तळहाताला वळ उठवला होता तो आज लोण्यातून यावा तसा अलगद फिरत बाहेर आला. ती थबकली. स्क्रू उजेडात धरला. काळ्या आट्यांत पांढरं काहीतरी भरलेलं. तिनं नखानं खरवडलं, नाकाशी नेलं. धुण्याचा साबण.

दुसरा काढला. साबण. तिसरा, चौथा. चारीच्या चारी.

मोईनलाही दिसलं. त्याच्या हातातली बॅटरी खाली गेली, मग त्यानं ती पुन्हा वर धरली. "आपा," तो हळूच म्हणाला, "असू दे. तू आधी परीक्षा दे."

अफिफाला आठवलं. मशीन पहिल्यांदा जोडताना, कूलर बसवत असताना अब्बांनी विचारलं होतं, ह्यो कशाला गं? आणि तिनंच हौसेनं समजावून सांगितलं होतं, ढिला पडला तर मशीन नुसतं बंद पडतं अब्बा, जळत न्हाई. नीट लक्षात ठेवलं होतं त्यांनी. लेकीची वस्तू जळू नये एवढी काळजी मात्र घेतली होती. आणि मग दोन दिवस तिच्याच डोक्याशी बॅटरी धरून उभे राहिले होते, ती खोडरबर घासत असताना, घामाघूम होत असताना. उजवीकडं धरू का गं! तिला वाटलं, ओरडावं, ती बॅटरी भिंतीवर फेकून मारावी. पण घड्याळ पळत होतं. आत तेच दोन स्क्रू ढिले होते. नळीत थोडी पेस्ट शिल्लक होती, ती पुरली. सव्वादहाला मशीन चालू झालं आणि चालूच राहिलं.

तिनं चारी स्क्रू फडक्यानं स्वच्छ पुसले. एकेक आटा पुसला. मग हाक मारली.

"अब्बा! जरा हिकडं या."

मिस्त्री भुशानं भरलेले हात झटकत आले. "काय, झालं का चालू?"

"झालं. मागचं झाकण तेवढं बसवून द्या. माझे हात कापतायत."

तिनं स्क्रू त्यांच्यापुढं केले. मिस्त्रींनी एक घेतला. झाकण डाव्या हातानं लावून धरलं. आणि चाळीस वर्षांची सवय ती, स्क्रू धरलेला उजवा हात बघता बघता खिशाकडे गेला, साबणाचा तुकडा बाहेर आला, स्क्रूचं टोक साबणाला टेकलं. तिथं हात थांबला. मिस्त्रींनी वर बघितलं. अफिफा त्यांच्याकडेच बघत होती. मोईन जमिनीकडे.

मग मिस्त्री स्टुलावर बसले, तिनंच शनिवारी दिलेल्या.

"तू गेलीस की हितं कोण येणार हाय गं? लोकं माझ्या कामाला न्हाई, तुझ्या चित्रांना येत्यात. म्या ह्या वयात काय करू?"

"हे बोलायचं होतं की मग!" अफिफाचा आवाज फुटला. "मी इचारलं होतं, अब्बा. भुशात बसून इचारलं होतं तुमाला. तुमी जा म्हणालात. पेढे वाटलेत. आन मी ह्या गरिबाला नको ते बोलले, तुमच्यापायी."

"तोंडानं न्हाई म्हणायला जीभ रेटंना."

"तुमी नुसतं न्हाई म्हणाला असता ना, तर मी थांबले असते. खरंच थांबले असते." तिनं त्यांच्या हातातून स्क्रू काढून घेतला. "आता न्हाई थांबणार."

परीक्षा तिनं झाकण न लावताच दिली. बाहेर तीन तास रंध्याचा आवाज आला नाही. आठवड्यानं कंपनीचं नेमणुकीचं पत्र आलं.

जायच्या आधी ती निषादच्या दुकानातून पत्र्याचं कॅबिनेट घेऊन आली आणि एकेक भाग त्यात हलवला. मोईननं बॅटरी धरली. त्याची माफी तिनं कधीच मागितली होती, पण पुन्हा एकदा मागितली, तेव्हा तो म्हणाला, "पुरे की आता, आपा." सागवानी कॅबिनेट टेबलावर तसंच राहिलं, चार काळे स्क्रू त्यातच टाकलेले. रिक्षा आली तसे मिस्त्री पुढे झाले. पत्र्याचा डबा त्यांनी स्वतः उचलून सीटवर ठेवला, त्याला धक्का बसू नये म्हणून खाली आपला गमछा घडी करून घातला.

"दर रविवारी येशील न्हवं?" ते म्हणाले. "महाळुंग्याची दोन घरं हायेत. चित्रं लागतील."

"येईन. चित्रं तिथूनच काढून पाठवीन, तुमची कामं अडू द्यायची न्हाई मी," अफिफा म्हणाली आणि डब्यावर हात ठेवून रिक्षात बसली. "पण मशीन ह्या घरात पुन्हा आणणार न्हाई, अब्बा."