आधीची काच, नंतरची काच

ठक्.

डॉक्टरांची काठी फळीवर आपटली की चित्राची काच बदलायची, एवढंच त्या अंधाऱ्या सभागृहात ठरलेलं. दिव्यापाशी बसलेले फोटोवाले भाऊ जुनी काच ओढून घेतात, शेजारच्या स्टुलावरची रंगारीण नवी काच त्यांच्या हातात देते, आणि समोरच्या पांढऱ्या चादरीवर माणसाएवढी माशी उभी राहते. मग दुधाच्या भांड्यावर बसलेली तीच माशी. मग रस्त्यात थुंकणारा माणूस. त्याला लोक नेहमी हसतात. सगळ्यांना तो शेजारच्यासारखा दिसतो.

ठक्.

एक मुलगी. चेहरा हिरवट, डोळ्यांखाली जांभळं. "ही आधी," डॉक्टर म्हणाले.

ठक्.

तीच मुलगी. गाल असे लाल की हात लावून बघावेत. "आणि ही टेकडीवरच्या आरोग्यधामात हिवाळाभर राहिल्यानंतर!"

टाळ्या. टाळ्यांच्या मधूनच एक आरोळी. "अगंबाई! ही तर माझी पोर!"

रंगारणीने अंधारात मान वळवली. आवाज तिच्या सासूचा होता. म्हातारी कधी घराबाहेर पडायची नाही, ती आज नेमकी शेजारणीच्या नादाने आली होती. चादरीवरची ती लाल गालांची मुलगी म्हणजे रंगारणीची नणंद. तिला वारून पंधरवडा होत आला होता. त्या सगळ्या गर्दीत हे दोघांनाच ठाऊक होतं, रंगारणीला आणि फोटोवाल्यांना.

थांबा. इथे एक काच मागे घ्यावी लागेल.

ठक्.

आरोग्य खात्याच्या इमारतीत वरच्या मजल्यावर, जिन्याला लागून एक खोली. उत्तरेची खिडकी, खिडकीखाली टेबल, टेबलावर तिरकी चौकट, चौकटीखाली आरसा, म्हणजे उजेड खालून येतो आणि काच पेटल्यासारखी दिसते. रंगारीण इथे बसून फोटोच्या काचा रंगवायची. कुंचला इतका बारीक की शिंक आली तर माणसाचं नाक जागेवर राहायचं नाही. गाल मात्र कुंचल्याने करायचे नाहीत. रंग बोटाच्या टोकावर घ्यायचा आणि टिपत टिपत पसरवायचा. रंगवून झालं की वर दुसरी साधी काच ठेवायची आणि कडेने काळी कागदी पट्टी चिकटवायची.

नोकरी लागली तेव्हा तिने विचारलं होतं, "भाऊ, आधीचा फोटो मिळाला. नंतरचा कुठाय?"

"तोच नंतरचा," फोटोवाले म्हणाले. "एकाच फोटोच्या दोन काचा काढतो मी. एक तुम्ही आजारी करा, एक बरी करा."

"म्हणजे कुणी बरं होतच नाही?"

"होतात की! पण बरा झालेला माणूस फोटोला बसत नाही, वहिनी. त्याला गल्लीत परत जायचं असतं, पोरीबाळींची लग्नं करायची असतात. क्षयाच्या चित्रात तोंड कोण दाखवेल? आणि जे बरे होत नाहीत…" त्यांनी खिशातून फडकं काढलं आणि भिंगावर नसलेली धूळ पुसायला घेतली.

नणंदेचा फोटो आला तेव्हा नणंद जिवंत होती. भावजयीने नंतरच्या काचेला जरा जास्तच जीव लावला. एवढा लाल कधी वापरत नसे ती. परत येईल तेव्हा अशीच दिसेल, असं मनाशी म्हणत तिने गाल केले, ओठ केले, केसांच्या फितीलाही रंग दिला. पुढच्या खेपेला फोटोवाले टेकडीवरून आले ते टोपी हातात घेऊन. "वहिनी, त्या पलंगावर दुसरी बाई आहे." आरोग्यधामाचा कागदही मागोमाग आला, तोही घरी न जाता कचेरीत, कारण पत्ता रंगारणीने तोच दिला होता. जे काही क्रियाकर्म करायचं ते तिथल्या तिथे उरकलं होतं. संसर्गाचा नियम.

सासूला आज सांगू, उद्या सांगू, असं करत राहिली. नवरा बोटीवर. तो महिन्यामहिन्याने यायचा, आणि आला तरी आईसमोर त्याची जीभ टाळूला चिकटायची.

ठक्.

आता घर. एक खोली, तिला एक झरोका, आणि तो कातडी कमावण्याच्या कारखान्याकडे उघडणारा.

सासू आली तीच गुणगुणत. "मेले भेटायला बोलवत नाहीत आणि तिकडे पोरीचे गाल बघा! सगळी पोरं आजारी पडली तरी चालेल अशी जागा दिसतेय ती."

"आई, बसा जरा."

"बसायला काय झालंय मला? तुझं तोंड का उतरलंय गं? नणंद बरी झाली, आता परत येऊन हुकूम सोडेल म्हणून?"

कोपऱ्यातल्या गादीवर चिमी खोकली. सहा वर्षांची पोर, पण खोकला एखाद्या जुन्या गाडीवानाचा. ओकारी येईपर्यंत खोकायची आणि मग कुणी ओरडेल म्हणून हसायची.

सासूने नातीच्या पाठीवरून हात फिरवला. "उद्याच नेऊ हिला टेकडीवर. काळजीच नको. आत्या आहे ना तिथे."

"नको."

"का नको?"

रंगारणीने पेटी पुढे ओढली. खेळानंतर काचांची पेटी तिच्याच ताब्यात असायची. तिने नंतरची काच काढली, नखाने काळी पट्टी सोडवली, वरची साधी काच बाजूला ठेवली, फडक्याचं टोक ओलं केलं आणि नणंदेच्या गालावरून फिरवलं. लाल फडक्याला आला. ओठ पुसले. फितीचा रंग पुसला. मग काच कंदिलासमोर धरली.

म्हातारीने काच हातात घेतली. आधीच्याच काचेतली ती मुलगी, तशीच मान कलती करून बसलेली.

"कधी?" सासूने विचारलं.

"पंधरवडा होईल."

"आणि गाल?"

"मीच केले."

म्हातारीने फडकं उचललं. त्यावरचा लाल डाग नीट आत घडी करून ते मांडीवर ठेवलं. रडेल असं वाटत होतं. रडली नाही.

"मला माहीत आहे, मी आधी सांगायला…" रंगारीण म्हणाली. "पण चिमीला तिथे नाही पाठवायचं, आई. मी घरी ठेवीन तिला."

"घरी ठेवून काय करशील? रंगवशील?"

ठक्.

(ही काच कोरी आहे. दोघी त्या खोलीत जेवल्याशिवाय झोपल्या, एवढंच.)

ठक्.

सकाळी सासूच बोलली. "तिथे खिडक्या आहेत म्हणतात?"

"मोठ्या आहेत. पलंग व्हरांड्यात काढतात."

"आणि बरे होणारे खरंच होतात?"

"होतात म्हणे. फोटोला बसत नाहीत."

"मग हिला बसव. दोनदा. जाताना एकदा, आणि नंतर एकदा." म्हातारीने चिमीची वेणी इतकी घट्ट ओढली की पोर कळवळली. "आणि त्या दुसऱ्या काचेला तुझं बोट लागलं तर बघ."

आरोग्यधामाच्या फाटकापाशी फोटोवाल्यांनी पहिला फोटो घेतला. नवा फ्रॉक, गोल गाल. जीभ आत घे म्हणून दोनदा सांगावं लागलं. फाटक लागलं तेव्हा चिमीने विचारलं, "आत्या कुठल्या खोलीत आहे?" आजीने वेणीची फीत उगाच पुन्हा बांधली, आणि नर्स पोरीला आत घेऊन गेली.

ठक्.

हिवाळा सरत आला तेव्हा फोटोवाले शब्दाला जागून पुन्हा वर गेले. काच त्यांनी खेळाच्या दिवशी दुपारी आणली, टेबलावर पालथी ठेवली आणि जिन्यात जाऊन विडी ओढत बसले.

रंगारणीने ती फाटकापाशी काढलेल्या पहिल्या काचेशेजारी चौकटीवर ठेवली. आरशातून उजेड वर आला.

फ्रॉक तोच होता, आत पोर कमी होती. गळ्याची हाडं, मनगटाची हाडं. जीभ आत घे म्हणायची वेळच आली नसावी.

नेमके डॉक्टर आत आले. खांद्यावरून वाकून त्यांनी दोन्ही काचा पाहिल्या आणि त्यांचा चेहरा उजळला. "दोन वेगळे फोटो! इतक्या वर्षांत प्रथमच! बाई, रंगसुद्धा नको याला. फक्त उलट लावा. ही बारीक आधी, ती गुबगुबीत नंतर."

"डॉक्टर, ती माझी मुलगी आहे."

डॉक्टर खुर्चीवर बसले. वाईट माणूस नव्हता. कित्येक रोग्यांचं डोकं त्यांनी स्वतःच्या हाताने उशीवर नीट ठेवलेलं होतं. "मला कल्पना नव्हती," ते म्हणाले. "उद्याच वर निरोप धाडतो, दूध वाढवायला सांगतो." मग खाली बघत, "पण बाई, जे आमच्याकडे येत नाहीत ते घरात मरतात आणि घरच्यांना सोबत घेऊन जातात. चादरीवर हाडं दाखवली तर टेकडी कोण चढेल? आज सभागृह भरलंय. उलट लावा."

तिने काचांच्या कोपऱ्यावरच्या चिठ्ठ्या सोडवल्या आणि अदलाबदल करून चिकटवल्या.

ठक्.

माशी. दूध. थुंकणारा माणूस. हशा. पुढच्या बाकावर सासू, हात मांडीवर, पाठ ताठ. डॉक्टर नेहमीप्रमाणे चादरीकडे पाठ करून, लोकांकडे तोंड करून उभे. भाषण इतकं तोंडपाठ की मागे वळायची गरजच नसे.

रंगारणीने पेटीत हात घातला. अंधारात चिठ्ठ्या दिसत नाहीत. पण पहिली काच जाड होती, दुसरी पातळ. बोटांना कळायचं. तिने जाड काच आधी दिली.

ठक्.

गोल गालांची चिमी.

"ही आधी," डॉक्टर म्हणाले. "पाहा, हाडं मोजून घ्या!"

"ही आजारी?" मागून कुणी ओरडलं. "मग आमचं तर वर्षश्राद्धही झालं असेल!" सभागृह खदखदलं.

ठक्.

"आणि ही नंतर. आता कुणी म्हणेल का हिला काही झालं होतं?"

कुणी हसलं नाही. डॉक्टर हसऱ्या चेहऱ्याने टाळ्यांची वाट बघत राहिले. मागच्या बाजूला एकाने सवयीने टाळी वाजवली, ती अर्ध्यात थांबली.

सासू उठली. दिव्याच्या झोतातून ती सरळ चालत आली. तिची सावली आधी मोठी झाली, पोरीचा चेहरा झाकून गेली, मग बाजूला सरकली. ती स्टुलापाशी वाकली.

"हिला बोट लावलं नाहीस?"

"नाही, आई."

"ऊठ. फाटक बंद व्हायच्या आत पोचू."

"आणून ठेवायची कुठे? घरात एक झरोका…"

"भिंत पाडू. ऊठ म्हणते ना!"

रंगारणीने काचांची पेटी फोटोवाल्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी चादरीवरच्या पोरीकडे पाहिलं, मग हलकेच काच ओढून घेतली आणि रंगारणीच्या हातात दिली. दोघी बाहेर पडल्या.

ठक्.

चादर पांढरी.

ठक्. ठक्.