दुसऱ्या भागातली पावलं

थोरली मेली असती, पण आपण जळतोय हे तिनं कबूल केलं नसतं. तरी गेले तीन महिने तिच्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता. घरातल्या मांजरालासुद्धा ते ठाऊक होतं.

कारण एकच, धाकटी बहीण. सिनेमात नायिका चालते, पण तिच्या पावलांचा आवाज नंतर स्टुडिओत दुसरीच बाई चालून भरते. पंचवीस वर्षांपूर्वी ज्या सिनेमानं लोकांना वेड लावलं, त्यातली पावलं थोरलीची होती. आवाज भरायच्या दिवशी तिच्या चपलेचा अंगठा तुटला, म्हणून डावी टाच घासत गेली. लोक म्हणाले, अहाहा, काय ती चाल! तेव्हापासून ती पावलंबाई. आता त्याच सिनेमाचा दुसरा भाग निघाला. नायिका तीच, फक्त म्हातारी झालेली. आणि पावलं द्यायला बोलावलं कुणाला? धाकटीला! जिला थोरलीनं हाताला धरून वाळूवर, फरशीवर, लाकडावर चालायला शिकवलं, तिला!

"दुसरा भाग म्हणजे काय गं? जुनीच सतरंजी उलटी अंथरायची," थोरली जेवताना टोमणा मारायची. "माझीच टाच घासशील आणि टाळ्या घेशील."

"ताई, मी तुझं काही उचललेलं नाही."

"कळेलच."

कळायची वेळ आली. लोक शिळं म्हणतील ही धास्ती दिग्दर्शकालाही होतीच. सिनेमा पक्का करण्याआधी त्यानं थोरलीला बोलावलं. "बाई, तुम्ही फक्त ऐका. जुनंच वाटलं तर स्पष्ट सांगा. धाकट्या बाईंचं काढून टाकू, तुम्ही नव्यानं करा."

थोरलीला मनातून उकळ्या फुटल्या. स्टुडिओच्या छोट्या थिएटरात ती सगळ्यात वरच्या रांगेत बसली आणि डोळे मिटून घेतले. धाकटी खाली, पडद्याजवळ, नखं खात बसली होती.

नायिका जिना चढू लागली. एक पाऊल. मग दुसरं त्याच पायरीवर, पहिल्याशेजारी. भिंतीवरून हात सरकल्याची खसखस. थांबणं. पुन्हा एक पाऊल.

टाच कुठेच घासली नाही. थोरली कान टवकारून बसली होती, पण तिचं जुनं काही सापडेना. मेलीनं चोरलंसुद्धा नाही! याचाच तिला जास्त राग आला. एवढी टाकाऊ होती का माझी चाल?

दिवे लागले. दिग्दर्शकानं मान वर केली. "बोला बाई. जुनंच ना?"

हो म्हणायचं की झालं. काम तिचं, नाव तिचं. समोर जाऊन, सगळ्यांदेखत सांगावं म्हणून ती उठली आणि पायऱ्या उतरू लागली.

थिएटर चिडीचूप होतं. एक पाऊल. मग दुसरं त्याच पायरीवर, पहिल्याशेजारी. भिंतीवरून हात सरकला. दुखऱ्या गुडघ्यासाठी ती थांबली, आणि तिथेच उभी राहिली. पडद्याजवळ धाकटी मान खाली घालून बसली होती. रोज संध्याकाळी दाराआड उभी राहून ती थोरलीची वाट बघायची. घरचा जिना चढताना ताई धापा टाकते म्हणून पाण्याचा तांब्या घेऊन.

"बाई?" दिग्दर्शकानं पुन्हा विचारलं.

थोरलीचा जळफळाट काही विझला नव्हता. तरी ती उरलेल्या पायऱ्या तशाच, एकेक करत उतरली.

"नवीन आहे," ती म्हणाली. "पहिल्या भागात मी अशी चालत नव्हते."