मागचा ब्रेक हातात

प्रशांतची जुनी मोटरसायकल भंगारात द्यायचं ठरलं, तेव्हा ती न्यायला डोंबिवलीला त्याची बहीण दर्शनाच गेली. त्यानेच फोन केला होता. "तुझ्या ओळखीचा कुणी असेल तर बघ गं. उगाच जागा अडवून बसलीय."

आवाज अगदी सहज होता, म्हणूनच दर्शनाला तो आवडला नाही.

मणक्याच्या ऑपरेशननंतर प्रशांतचं उजवं पाऊल लुळं पडलं होतं. चालताना ते जमिनीला घासायचं. काठी घेऊन तो बाजारात जायचा, बँकेत जायचा, पण गाडीवर बसणं बंद झालं. मागचा ब्रेक उजव्या पायाने दाबायचा असतो आणि त्या पायात दाबायचं बळच नव्हतं.

टेम्पोत गाडी चढवताना तो खाली आला नाही. मृणालवहिनी आली. वर बघत हळूच म्हणाली, "सकाळपासून गॅलरीत उभे आहेत. चहासुद्धा घेतला नाही."

टेम्पोवाल्याने विचारलं, "मॅडम, भंगारवाल्याकडे ना?"

"नाही," दर्शना म्हणाली. "कोलशेतला चला."

कोलशेतला रतनचा लेथचा गाळा होता. रतन तिथल्याच गावातला. एकेकाळी हे तिघं एकत्र गाडी चालवायचे, आणि तीही ही एकच. जुनी टू-स्ट्रोक गाडी. प्रशांतने तिची सीट काढून टाकली, सायलेन्सर वर उचलला आणि मागचं चाक ज्या दोन दांड्यांत बसतं तो चिमटा आबांनी, म्हणजे प्रशांत-दर्शनाच्या वडिलांनी, कापून लांब करून दिला. आबा कंपनीत फिटर होते. कोपरीच्या चाळीत, नळाच्या बाजूला बसून त्यांनी ते वेल्डिंग केलं तेव्हा सगळी चाळ बघायला जमली होती. भीमाबाई, प्रशांत-दर्शनाची आई, सगळ्यांना ओरडून सांगत होती, "आगीकडे बघू नका रे, डोळे जातील!"

त्यांचा खेळ वेगाचा नव्हता. शीळफाट्याच्या पलीकडे दगडाच्या बंद खाणी होत्या. तिथल्या खडकांवरून, कपारींतून गाडी उभ्या उभ्या न्यायची आणि पाय टेकायचा नाही. टेकला की गुण गेला. प्रशांत यात इतका तयार झाला होता की चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत तो सगळ्यात पुढे असायचा. मिरवणूक थांबली की गाडी थांबायची आणि तो तिच्यावर तसाच उभा, दोन्ही पाय वर. ढोलवाले त्याच्याकडे बघत वाजवायचे. दर्शना तेव्हा दहावीत होती. एकदा ती म्हणाली, "दादा, मलाही शिकव." पोरीच्या जातीला कशाला, असं शेजारची एक बाई बोलली, तर आबाच म्हणाले, "तिला का नको? तिचे पाय काय वेगळे आहेत?"

रतनने ताडपत्री काढली आणि गाडीभोवती एक फेरी मारली. मग म्हणाला, "काय गो दर्शना, हिला भंगारात देतंय तो? डोकं फिरलंय त्याचं."

"देणार नाही आपण. मागचा ब्रेक हातावर घ्यायचा," ती म्हणाली. "ड्रम काढून डिस्क बसवू. डिस्कला तेलाची नळी असते, ती हँडलपर्यंत नेता येते. क्लचच्या खाली एक छोटी लिव्हर लावू. डाव्या हाताने ब्रेक."

दर्शना आयटीआयमध्ये टर्नरची निदेशक होती. आठवडाभर मुलांना लेथ शिकवायची आणि रविवारी रतनच्या गाळ्यात यायची. एका मोठ्या मोटरसायकलचं डिस्कवालं हब, म्हणजे चाकाचा मधला गड्डा, तिने भंगारातून शोधून आणलं. पण एका गाडीचं हब दुसऱ्या गाडीत सरळ कुठे बसतं? त्याचं भोक मोठं होतं, जुना एक्सल बारीक. तिने मधे बसणारे बुश बनवले. आरे लांबीला पुरेनात, ते नवे करून घेतले. चेनची चक्री जुळेना, तिच्यासाठी मधली प्लेट कापली. शेवटी चाक रिमसकट तयार झालं, रतनने फिरवून त्याचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढला, आणि दोघांनी ते चिमट्यात घातलं.

चाक फिरेना. हब जुन्यापेक्षा रुंद होतं. चक्रीची बाजू चेनच्या रेषेत आणली की दुसऱ्या बाजूला डिस्क पकडणारा कॅलिपर चिमट्याच्या दांडीत रुतत होता.

"दांडी काप," रतन म्हणाला. "बाहेर घे बोटभर, नवा तुकडा जोड. अर्ध्या दिवसाचं काम हाय."

दर्शनाने मान हलवली. कापायचं ते नेमकं आबांच्या वेल्डिंगवर होतं. खवल्यांसारखी ती ओळ तिने अंगठ्याने पुसून स्वच्छ केली होती. आबांना जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि त्यांच्या हातचं असं दुसरं काही घरात उरलं नव्हतं. मग तिने हबच तासून पाहिलं, वॉशर बारीक केले, कॅलिपर फिरवून खाली घेतला. काहीच जमेना. शेवटी वैतागून तिने फोन लावला.

"दादा, कॅलिपर चिमट्याला घासतोय. काय करू?"

"कसला कॅलिपर?"

"मागच्या डिस्कचा."

"कुठल्या गाडीच्या?"

दर्शनाने चिमट्यात अडकलेल्या चाकाकडे पाहिलं.

"तू दिली नाहीस ती," प्रशांत म्हणाला आणि फोन ठेवला.

दुसऱ्या रविवारी तो रिक्षातून उतरला, मृणाल बरोबर. रागातच होता. "मला विचारायचं तरी! मी काय आता तिच्यावर चढणार आहे? तोल गेला तर उजवा पाय टेकता येत नाही मला!"

"या खेळात पाय टेकायचाच नसतो," दर्शना म्हणाली.

रतन हसला. प्रशांत हसला नाही, पण स्टूल ओढून चाकाजवळ बसला. बराच वेळ डिस्क बोटाने फिरवत राहिला. मग हात पुढे केला. "व्हर्नियर दे."

त्याने मापं घेतली, खडूने दांडीवर रेघ मारली. "इथे काप."

"तिथे आबांचं वेल्डिंग आहे, दादा."

"माहितीये मला." त्याने तिच्याकडे पाहिलं. "अगं, हे तू बघतेस ते तिसरं आहे. पहिलं खाणीत तुटलं, दुसरं त्यांनाच आवडलं नाही. स्वतः कापून पुन्हा केलं. चुकीचं राहिलेलं त्यांना बघवायचं नाही. काप."

तिने ग्राइंडर हातात घेतला. ठिणग्या उडायला लागल्या तशी तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि चष्मा असूनही ठिणगी गेली असं ती म्हणाली. नवा तुकडा प्रशांतने धरला, वेल्डिंग तिने केलं. थंड झाल्यावर त्यावर बोट फिरवून तो म्हणाला, "आबांनी पास केलं असतं. नाराज होऊन, पण केलं असतं."

चाक बसलं. मोकळं फिरलं. प्रशांतने छोटी लिव्हर एका बोटाने दाबली आणि ते जागच्या जागी थांबलं. त्याने पुन्हा सोडलं, पुन्हा फिरवलं, पुन्हा दाबलं.

खाणींच्या जागी आता टॉवर उभे होते. तरी एका कोपऱ्यात, कुंपणाबाहेर, थोडा उघडा खडक शिल्लक होता. किक रतनने मारली. प्रशांतने पायात पाऊल उचलून धरणारा पट्टा घातला होता. पहिल्याच कपारीशी तो उजवीकडे आडवा झाला. मृणाल धावली, "अहो, पुरे झालं!" तो कोपर झटकत उठला. "अगं, पडणं तेच आहे गं! काही बदललं नाही!"

दुसऱ्यांदा तो चढला. हळू, पुढचं चाक शोधत शोधत. खडकाच्या टोकावर, उतार मागे असताना, त्याने एका बोटाने ब्रेक धरला आणि गाडी थांबली. तो तिच्यावर उभा राहिला. पोट सुटलेलं, केस पांढरे, गुडघे किंचित वाकलेले. मृणालने त्याला असं कधी पाहिलंच नव्हतं. लग्नाआधीच्या गोष्टी होत्या त्या. ती तोंडावर हात ठेवून बघत राहिली.

खाली आल्यावर त्याने गाडी दर्शनाकडे ढकलली. "चल."

"माझं वय काय, दादा!"

"माझ्यापेक्षा कमीच आहे. चल."

तिने ओढणी कमरेला बांधली. चढ अर्धा झाला, इंजिन दमलं, आणि सवयीने तिचा उजवा पाय ब्रेक शोधायला गेला. तिथे पायाखाली काहीच नव्हतं. गाडी मागे घरंगळायला लागली.

"हात! दर्शना, हात!" प्रशांत ओरडत होता, आणि हसू आवरत नसल्यामुळे त्याचे शब्द धड फुटत नव्हते.

ती धपकन गवतात पडली. गाडी शेजारी आडवी, चाक अजून फिरत. रतन उचलायला आला तर तिने त्याला हाताने थांबवलं आणि स्वतःच हँडल धरून गाडी उभी केली.

"किक मार रे," ती म्हणाली. "परत चढते."