नुसामेराची एकच बोट

सकाळी नऊला ऑफिसात पप्पांचा फोन आला.

"डोर्कास, तुझं ॲप म्हणतंय, आज बोट नाही."

"मग नसेल."

"अगं, मी धक्क्यावर उभा आहे. बोट समोर आहे. भोंगा ऐक."

भोंगा खरंच ऐकू आला. नुसामेराहून इथे अंबोनला आठवड्यातून एकच बोट, ती दहाला सुटते. परवा माझं लग्न. आणि गेल्या सोमवारपासून तिकीट फक्त आम्ही बनवलेल्या ॲपवर. धक्क्यावरची खिडकी बंद.

"बोटीचे कप्तान बास्तियान काकाच ना? त्यांना सांगा, तसंच चढू द्या म्हणून."

"सांगितलं. तो म्हणतो, ॲप तुझ्याच लेकीचं, तिलाच विचार."

शेजारी योपी तळलेली केळी मिरचीच्या ठेच्यात बुडवून खात होता. "परवा लग्न, आणि नवरीनेच बापाला बेटावर अडकवलं. शाब्बास."

"गप्प बस आणि सर्व्हरकडून काय येतंय ते काढ."

अंबोनसाठी चौकोनी कंसात यादी येत होती, आत बारा बोटी. नुसामेरासाठी बोट होती, पण कंसच नव्हता.

"कंस कुठे गेला?" योपी खायचा थांबला.

मला एकदम उमगलं. "एकच बोट असली की सर्व्हर यादी करतच नाही. नुसती बोट पाठवतो."

"आणि आपलं ॲप यादीच शोधतं. नाही सापडली की?"

ती ओळ माझीच होती: यादी नाही मिळाली, तर 'आज बोट नाही' असं दाखव. तपासलं होतं अंबोनच्या बारा बोटींवर. नुसामेरात वाढलेली मी, आणि एका बोटीचं बंदर असतं हेच विसरले. स्वतःचा भयंकर राग आला.

पण सापडलं होतं! यादी आली तर यादी घे, सुटी बोट आली तर तिचीच एकीची यादी कर. सहा ओळी. नऊ पस्तीसला नवं ॲप पप्पांच्या फोनकडे निघालं.

"किती उतरलं?"

"अर्धं."

"आता?"

"अर्धंच. तुझ्या ओरडण्याने ते पळणार नाही."

नऊ बावन्नला ते म्हणाले, "आलं. पण एकच ओळ दिसतेय."

"पप्पा, बोटही एकच आहे. दाबा."

तिकीट निघालं. मी खुर्चीतून उडाले. पण पप्पा हलेनात.

"मागे नऊ जण उभे आहेत. त्यांचं ॲप अजून बोट नाहीच म्हणतंय."

"तुम्ही चढा आधी. माझं लग्न आहे!"

"यांच्यासमोर कसा चढू? थांब, नवं ॲप यांच्या फोनवर पाठवतो."

फोन बंद झाला. दहा वाजले. दहा पाच. मी नखं खात बसले, योपीने केळी माझ्याकडे सरकवली. दहा बाराला फोन वाजला, मागे इंजिनाची घरघर होती.

"बास्तियानने दोर सोडलाच नाही. सगळे चढलो. आणि हो, लग्नात नऊ पानं जास्त मांड. मी बोलावलंय सगळ्यांना."

मी हसत होते आणि डोळे पुसत होते.

"एकटा बाप मागवला होता ना?" योपी म्हणाला. "घे, आली यादी."