चार आत, सहा बाहेर

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर ताईचा श्वासाचा वर्ग भरायचा, रोज सकाळी साडेसहाला. नवरा गेल्यावर दोन वर्षं तिचा डोळ्याला डोळा लागत नव्हता. तेव्हा ओळखीच्या एका नर्सने तिला श्वास मोजायला शिकवलं. चार आकडे आत, सहा आकडे बाहेर. त्याने ती सावरली, आणि जे आपल्याला मिळालं ते दुसऱ्यांना द्यायचं म्हणून शिकवायला लागली.

तिचा धाकटा भाऊ फर्निचरच्या कारखान्यात पॉलिशवाला होता. तो तिची भरपूर थट्टा करायचा. "श्वास घ्यायला शिकवतेस? मी जन्मल्यापासून घेतोय, मला कुणी सर्टिफिकेट दिलं नाही."

एके दिवशी वर्ग सुटल्यावर तोच वर आला. कठड्याला धरून जरा वेळ उभा राहिला.

"ताई, छातीवर कुणीतरी बसल्यासारखं वाटतं. जिना चढलो की जास्तच."

"कधीपासून?"

"आठ-दहा दिवस झाले. कारखाना बंद होणार म्हणतायत. त्याचंच असेल."

"त्याचंच आहे," ताई म्हणाली. काळजीने छाती भरून आलेली माणसं तिने ढीगभर पाहिली होती. तिने त्याला सतरंजीवर आडवं केलं, पोटावर हात ठेवायला लावला आणि मोजायला लागली. दहा मिनिटांनी तो उठून बसला.

"गेलं की गं. घरी हिला मात्र सांगू नकोस. उगाच घर डोक्यावर घेईल."

"नाही सांगत," ताई म्हणाली.

तीन आठवडे तो रोज येत राहिला. लहानपणी एका खोलीत झोपायचे, त्यानंतर एवढा वेळ दोघं एकत्र कधी बसलेच नव्हते. ताईला ते आवडायला लागलं होतं, हेही खरं. एकदा तो जिन्यात मध्येच थांबलेला तिने पाहिला. "डॉक्टरांना दाखवू या का रे?" तिने विचारलं.

"तुझाच तुझ्यावर विश्वास नाही होय?" तो म्हणाला, आणि दोघंही हसली. विषय तिथेच राहिला.

त्या गुरुवारी दुपारी कपाटाच्या दाराला पॉलिशचा हात मारता मारता तो खाली कोसळला. ताई दवाखान्यात पोचली तेव्हा भावजय आणि भाची त्याच्या खाटेपाशी उभ्या होत्या. डॉक्टर घाईघाईने विचारत होते, "याआधी कधी छातीत दुखलं होतं?"

"कधीच नाही," भावजय म्हणाली. "मला सांगितलं असतं ना त्यांनी."

ताई शेजारीच उभी होती. तिने भावाच्या अंगावरची चादर सारखी केली.

भावाने डोळे उघडले, तिला शोधून काढलं. "ताई, मोज ना."

ती मोजायला लागली. चारपर्यंत त्याचा श्वास पुरेना. मग तिने तीन केले, मग दोन. शेवटी आकडे सोडून ती नुसतीच 'आत, बाहेर' म्हणत राहिली, त्याच्या श्वासामागे धावत. तेवढ्यात त्याला आत नेलं. तासाभराने डॉक्टर बाहेर आले. तो गेला होता. हृदयाची नस बरेच दिवस बंद होत आली असणार, डॉक्टर म्हणाले. वेळेवर आणलं असतं तर बहुतेक वाचले असते.

पंधरा दिवस ताईने ते मनात ठेवलं. श्वास मोजायला बसली की त्याचाच चेहरा समोर यायचा. शेवटी ती भावजयीकडे गेली. भावजय त्याचे पॉलिशचे डाग पडलेले शर्ट घडी घालून ठेवत होती.

"त्याला दुखत होतं," ताई म्हणाली. "तीन आठवडे. मला माहीत होतं. काळजीमुळे होतंय असं मीच त्याला सांगितलं. आणि तुला सांगणार नाही असं कबूल केलं."

भावजयीने हातातल्या शर्टाची घडी पुरी केली. मग म्हणाली, "मी त्या दिवशी डॉक्टरांना 'कधीच नाही' म्हणाले, तेव्हा तुम्ही शेजारी होतात."

"हो."

"वन्सं, आज तुम्ही जा. पुन्हा येऊच नका असं मी म्हणत नाही. पण आज जा."

ताई उठली. दारात चपला घालताना तिला पट्टा लावता येईना, तशीच फरफटत उतरली.

वर्ग तिने महिनाभर बंद ठेवला, मग पुन्हा उघडला. आता नवीन कुणी आलं की ती आधी विचारते: छातीत दुखतं का, दम लागतो का? हो म्हणणाऱ्याला ती सतरंजीवर बसूच देत नाही. आधी डॉक्टरांकडे जाऊन या, म्हणते. काहींना राग येतो. मागच्या महिन्यात एक शिंपी असाच चिडून गेला. आठवड्याने त्याची बायको येऊन सांगून गेली, त्याला लगेच दाखल करून घेतलं, आता बरा आहे. ताईने तिला पाणी दिलं. ती गेल्यावर मात्र भिंतीकडे तोंड करून बराच वेळ रडली.

दर रविवारी ती भावजयीला फोन करते. फोन भाची उचलते.

"आत्या, आई बाहेर गेलीये."

मागे भांडी घासल्याचा आवाज येत असतो.

"बरं," ताई म्हणते. "तू जेवलीस का?"