पत्ता तोच राहतो

अकरा वर्षं मी जी पानं लिहिते आहे, ती वाचायला कुत्रंही फिरकत नाही. आमची कंपनी रक्त तपासायची मशीनं बनवते. त्यांची ऑपरेटिंग सिस्टिम जुनीपुराणी, बनवणारे केव्हाच सोडून गेलेले. तिचा एकेक कॉल, म्हणजे प्रोग्रामने तिला द्यायची आज्ञा, चालवून बघायचा आणि तो काय करतो ते लिहून ठेवायचं, हे माझं काम. पानाखाली वाचकांचा आकडा येतो, पान बदललं की पुन्हा पहिल्यापासून मोजला जातो. माझा बहुतेक वेळा एक. ती माझी धाकटी बहीण, इथेच प्रोग्रामर आहे. होती.

त्यातला एक कॉल मेमरीतली जागा वाढवून देतो. शेजारची खोली रिकामी असली की मधली भिंत पाडून द्यावी, तसं. मी शंभरदा चालवला. शंभरदा जागा वाढली, पत्ता तोच. दिलं ठोकून: 'पत्ता तोच राहतो.' पण चालवला कुठे, तर ऑफिसातल्या माझ्या नव्याकोऱ्या मशीनवर! तिथे शेजारी सगळं रिकामंच. दवाखान्यातलं मशीन खच्चून भरलेलं. तिथे शेजारी जागा मिळेना, म्हणून कॉलने सगळं सामानच उचलून दुसरीकडे हलवलं. धाकटीचा प्रोग्राम आपला जुन्याच पत्त्यावर वाचत बसला, आणि तिथे तोवर दुसऱ्याच पेशंटचे आकडे येऊन बसले होते. नर्सला शंका आली म्हणून माणूस वाचला.

चौकशीत धाकटीला काढायचं ठरलं. मी तरातरा साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि ते पान टेबलावर आपटलं. "चूक माझी आहे. काढायचं तर मला काढा."

साहेबांनी पानाकडे बघितलंसुद्धा नाही. "अहो बाई, पानावर विसंबून कुणी प्रोग्राम लिहितं का? प्रोग्रामवर सही तिची आहे. तुमच्या पानावर कुणाची सही असते?"

नसते. अकरा वर्षांत कुणी मागितलीच नाही.

धाकटी टेबल आवरत होती. कप, चार्जर, खुर्चीवरचा स्वेटर.

"मी सांगितलं गं त्यांना," मी म्हटलं.

"माहितीये. ऐकू आलं सगळ्या मजल्याला."

"पण तू स्वतः एकदा चालवून का नाही बघितलंस गं, बाई?" मी तिच्यावरच खेकसले. मेलं माझं तोंड!

तिने स्वेटर पिशवीत कोंबला. "बघणार होते. मग म्हटलं, ताईने लिहिलंय."

ती चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती लिफ्टकडे निघून गेली आणि मी तिथेच तिच्या खुर्चीत बसून रडले.

दुसऱ्या दिवशी पान सुधारलं. 'पत्ता बदलू शकतो.' मग लक्षात आलं, बाकीची चारशे पानंही मी त्याच मशीनवर तपासलेली. पुन्हा साहेबांकडे गेले. म्हटलं, सगळी नव्याने तपासू द्या, भरलेलं मशीन द्या.

"कशाला?" ते म्हणाले. "वाचतंय कोण?"

जागेवर येऊन सुधारलेलं पान उघडलं. खाली आकडा होता, शून्य.